पुतळाने मारलेली थाप

“आता बघा मावशी, ती पाठीवर चढली. इथून सुटणं कठीण,” प्रशिक्षक सुगत सर हळू आवाजात म्हणाले.

पुतळाने मान वाकडी करून पाहिलं. निळ्या मॅटवर दोन मुली जाळ्यात अडकलेल्या चिंबोऱ्यांसारख्या एकमेकींत गुंतल्या होत्या. कुणाचा पाय कुठला, काही उमगत नव्हतं. तिची निशिगंधा मात्र भिंतीला टेकून गप्प बसली होती. सराव पुन्हा सुरू करायला डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं होतं. आईने अजून म्हटलं नव्हतं.

निशिगंधा शाळेपासूनची किकबॉक्सर. ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं त्या एमएमएमध्ये आली, तरी लढायची उभ्यानेच. मागच्या लढतीत समोरच्या मुलीची लाथ तिच्या कानशिलावर बसली आणि ती आडवी झाली. पोर पडली, उठली, त्याचं पुतळाला एवढं वाटलं नाही. भीती बसली ती रिक्षात.

“आई, माझी लढत कधी हाय?” पोरीने विचारलं.

“झाली गो, आताच झाली.”

थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न. करावे गाव येईपर्यंत तोच.

दुसऱ्याच दिवशी पुतळाने हातमोजे माळ्यावर टाकले. नवरा कमळाकर “तुजी पोर, तू बग,” म्हणून खाडीवर निघून गेला. त्यानंतर घरात मायलेकींचं बोलणं जेवणापुरतं उरलं. शेवटी सुगत सरच मासळी बाजारात पुतळाच्या पाटीसमोर येऊन उभे राहिले. म्हणाले, एकदा येऊन बघा. मग नाही म्हणालात, तर मी परत विचारणार नाही. म्हणून ती आज बाजार उरकून आली होती.

“मी स्वतः बॉक्सर होतो, मावशी,” सर सांगत होते. “ठोसा लागतो तेव्हा थांब म्हणायला टाइमच नसतो. एखाद्याने काही होत नाही, पण सरावात रोज लागतात, ते डोक्यात साठत जातात. कुस्तीवाल्यांचे गुडघे जातात, मान धरते. खाली मॅटवर लढणाऱ्यांचे कोपर, खांदे. फुकट काहीच नाही. पण खाली एक सोय आहे. गळा धरला, हात पिरगाळला आणि सहन होईना, की दोनदा हात आपटायचा. टॅप. समोरच्याने तिथल्या तिथे सोडायचं.”

“थाप मारायची?”

“ती थाप नाय गो आई!” निशिगंधाला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी.

“खाली परल्यावर बुक्के नाय मारत?”

“मारतात. खोटं नाही बोलणार,” सर म्हणाले. “पण खालचं नीट शिकली, तर मार कमी खाईल.”

“आनि थाप नाय मारली तर?”

“तर बेशुद्ध. नाहीतर हात मोडतो.”

पुतळाने पदर कमरेला घट्ट खोचला आणि सरळ मॅटवर जाऊन बसली.

“मना धर.”

“आई, येरी झालीस काय?”

“लोकांच्या पोरींना धरतस ना? मना धर. बगू दे, काय सोसनार हायस ते.”

सरांनी आधी नकार दिला. मग मानेचा, बीपीचा त्रास आहे का, ते विचारलं. पाटी वाहून वाहून मान दगड झालीय, असं उत्तर मिळाल्यावर ते अगदी जवळ गुडघे टेकून बसले.

निशिगंधा मागे येऊन बसली. तिचा हात हनुवटीखालून सरकला, तेव्हा पुतळाला आधी जाणवली ती नुसती ऊब. मोठी झाल्यापासून पोर एवढी जवळ आली नव्हती. मग हात आवळला. दुखलं फारसं नाही, पण कानात होडीच्या इंजिनासारखी घरघर सुरू झाली आणि समोरची भिंत कडेकडेने काळी होत गेली. तिचा तळवा मॅटवर तसाच पडून होता. उन्हातला बाजार, अडलेलं बाळंतपण, स्वतःच्या आईच्या आजारपणात दवाखान्यात काढलेले दिवस. यांतल्या कशात थांबा म्हणून हात आपटायची सोय होती?

पकड निशिगंधानेच सोडली.

“आई! टॅप का नाय केलंस?”

“इसरले,” पुतळा खोकत हसली.

सर हसले नाहीत. “हिचीही हीच खोड आहे, मावशी.”

पुतळाने लेकीकडे वळून पाहिलं. पदर पुन्हा सारखा केला.

“परत धर.”

या वेळी कानात घरघर सुरू होताच तिने मॅटवर दोनदा हात आपटला. आवाज विरायच्या आत गळ्याभोवतीचा हात सैल पडला. ती तशीच बसून राहिली.

“लागलं काय गो?” निशिगंधा तिची पाठ चोळू लागली.

“नाय गो.” आपण थांब म्हटलं आणि कुणीतरी थांबलं, हे कसं सांगायचं ते तिला सुचलं नाही. उठता उठता ती सरांना म्हणाली, “खालचं शिकवा तिला. पन वेलेवर थाप नाय मारली, तर मी येऊन घरी नेईन.”

हिवाळ्यात वाशीच्या एका हॉलमध्ये निशिगंधाची लढत लागली. समोर मनस्वी नावाची दणकट कुस्तीगीर. पहिली फेरी निशिगंधाने छान काढली. दुसरीत मनस्वीने तिचा हात मांड्यांत धरून ताणला. कोपर सरळ झालं, आणखी ताणलं जाऊ लागलं. पुतळा उभी राहिली. निशिगंधाचे दात घट्ट आवळलेले होते.

मग तिचा मोकळा हात मनस्वीच्या मांडीवर दोनदा पडला. मनस्वीने लगेच सोडलं.

“हरली गो पोर,” शेजारी बसलेली बाजारातली रंगूबाई हळहळली.

पुतळा टाळ्या वाजवत होती. जिंकलेल्या मुलीची माणसंसुद्धा वळून बघू लागली.

नंतर हॉलबाहेरच्या पायऱ्यांवर निशिगंधा एक पायरी खाली, आईच्या गुडघ्यांना टेकून बसली. कोपरावर बर्फाची पिशवी होती. लढतीसाठी डोक्यालगत घट्ट घातलेल्या बारीक वेण्या पुतळा एकेक करून सोडवत होती.

“आजून थोरा वेल टिकले असते ना आई, तर सुटले असते.”

“आसंल,” पुतळा म्हणाली.

साबणाने हात कितीही धुतले तरी तिच्या बोटांना मासळीचा वास राहायचाच. पोरीला तो लहानपणापासून ठाऊक होता. हळूहळू तिचं डोकं जड होऊन आईच्या मांडीवर कललं.

सुगत सर येऊन म्हणाले, “मावशी, रिक्षा बोलावू?”

“जरा दमानं,” पुतळा हलक्या आवाजात म्हणाली. अजून एक वेणी सोडवायची राहिली होती.