दोमेंगची खुर्ची

उजाडता उजाडता एस्तेर पानगानिबानने रात्रीचा भात लसणीवर परतला, सुकी मासळी भाजली, वडिलांच्या बशीतले काटे वेचून काढले आणि दाराशी ठेवलेले रबरी बूट चढवले. भरतीचे पाणी मालाबोन शहरातल्या त्यांच्या गल्लीत घोट्यापर्यंत आले होते. गळ्यात ओळखपत्र अडकवतानाच तिला थकल्यासारखे वाटले.

शिक्षा होऊनही तुरुंगाऐवजी देखरेखीखाली घरी राहू दिलेल्या माणसांना महिन्यातून एकदा, कामाच्या जागी जाऊन भेटणे, ही तिची नोकरी. माणूस गुन्ह्याकडे का वळतो, हे ती विद्यापीठात शिकली होती: दारिद्र्य, संगत, विस्कटलेली वस्ती. शिवाय ज्याच्यावर गुन्हेगाराचा शिक्का बसतो, तो हळूहळू तसाच होत जातो, हेही.

आज दोमेंगची पाळी होती. चुलतभावांबरोबर तांब्याच्या तारा चोरताना तो सापडला होता. आता, ज्याला सगळे आदराने 'मांग', म्हणजे काका, म्हणत त्या म्हाताऱ्या तिनोयच्या सलूनमध्ये तो केस कापत होता. नोकरी सुटली तर न्यायालय त्याला आत पाठवू शकत होते.

नियमाप्रमाणे वस्तीचा पहारेकरी बेर्तिंग लाल जाकीट घालून तिच्याबरोबर होता. दोघे दारात दिसताच बाकावरची दोन गिऱ्हाइके उठली.

"उद्या येतो," एकजण पुटपुटला.

"बसा की. नाहीतर माझंच डोकं भादरा," बेर्तिंग म्हणाला.

"तुझ्या डोक्यावर भादरायला आहे काय?" मांग तिनोय म्हणाला. मग एस्तेरकडे वळून, "मॅडम, तुमच्यावर राग नाही हो. पण तुम्ही आलात की दुकान ओस पडतं. पुढच्या खेपेला असंच झालं, तर ही खुर्ची मी दुसऱ्याला देणार."

दोमेंग कात्री पुसत राहिला. "चोरी केली तेव्हा चौघांना ठाऊक होतं, मॅडम. तुम्ही यायला लागल्यापासून सगळ्या गल्लीला ठाऊक झालं."

 भेट दुसरीकडे कुठे घेता येईल का, असे एस्तेरने कचेरीत साहेबांना विचारून पाहिले.

"भेट कामाच्या जागीच व्हायला हवी," ते मान वर न करता म्हणाले. "त्याला लाज वाटते, त्याला आपण काय करणार?"

पुढच्या महिन्यात तिने बेर्तिंगला निरोप पाठवला नाही. ओळखपत्र पिशवीच्या तळाशी ठेवले आणि वडिलांचा हात धरून ती सलूनमध्ये शिरली. बाकावर एक माणूस वर्तमानपत्र वाचत बसला होता.

"बाबांचे केस कापायचेत," ती म्हणाली.

 दोमेंगने खुर्ची झटकली आणि तिच्या वडिलांच्या गळ्याभोवती पांढरे कापड बांधले.

"कान तेवढे राहू दे रे बाबा," वडील म्हणाले.

"ठेवतो, आजोबा. लागतील तुम्हाला."

यंत्राची घरघर सुरू झाली. एस्तेर खुर्चीला टेकून उभी राहिली.

"घरी सगळं ठीक?" तिने हलक्या आवाजात विचारले.

"ठीक."

"चुलतभाऊ येतात?"

"नाही आता."

बाकावरच्या माणसाने पान उलटले. "अजून किती वेळ?"

"हे झाले की तुम्हीच," दोमेंग म्हणाला.

तो माणूस पुन्हा वाचू लागला.