साडेतीन पायांचा बाक

या, पावणं, बसा. बिनधास्त बसा, आता मी डुगडुगत नाही. मी बाक बोलतोय. जुन्नरच्या बाजारपेठेत सावळाराम वकिलांच्या ऑफिसाबाहेर, पडवीत, पंचवीस वर्षं ज्यानं पक्षकारांना बसवून ठेवलं, तोच मी. हे सावळाराम वकील म्हणजे आजचे माननीय राज्यपाल. कुठल्या राज्याचे ते सांगत नाही. नेमणुकीची बातमी आली तेव्हा खुद्द त्यांनाही ते राज्य आधी नकाशात शोधावं लागलं होतं.

मला घडवलं धर्माजी सुतारानं. हाताचा कसबी माणूस. तीन पाय बेतशीर कापून झाले, चौथ्याला करवत लावून तोही कापला, आणि तेवढ्यात निरोप आला की कोर्टात आज तारीख आहे. धर्माजीचा भावकीशी दावा चालू होता आणि वकील अर्थातच सावळाराम. बिचारा करवत टाकून धावला, दिवसभर कोर्टाच्या आवारात उभा राहिला आणि पुढची तारीख घेऊन परत आला. दुसऱ्या दिवशी डोक्यात तीच तिरमिरी. त्या भरात कापलेलाच पाय त्यानं पुन्हा कापला. अर्धं बोट कमी भरला. पक्षकारांनी माझं नाव पाडलं, साडेतीन पायांचा बाक. साडेतीन शहाण्यांसारखं वाटतं, म्हणून मीही ते मिरवलं.

वकीलसाहेबांचा हातखंडा तारीख घेण्यात. समोरचा वकील आजारी पडला की तारीख, तो बरा झाला की हे आजारी. एका म्हाताऱ्याचा दावा तर त्यांनी इतका नीट सांभाळला, की म्हातारा गेला, त्याचा मुलगा म्हातारा झाला, पण दाव्याला काही धक्का लागला नाही.

दुसरी सवय म्हणजे प्रत्येकाचा अस्सल कागद स्वतःकडे ठेवून घ्यायची. "घरी उंदीर खातील, इथं सुरक्षित राहील," असं म्हणायचे. लोकही द्यायचे. कागद दिल्याचं लेखी कुणी मागायचं नाही. वकिलाकडे लेखी मागणं म्हणजे देवाकडे नवसाची पावती मागण्यासारखं, असं आमच्याकडे समजतात.

असाच एक दिवस भागू आणि लंकाबाई आले. डिंभ्याच्या वरच्या अंगाची डोंगरातली माणसं, भात-नाचणी पिकवणारी. त्यांचं भाताचं खाचर धरणाच्या पाण्यात गेलं होतं. बदल्यात सरकारनं आळे गावाच्या बाजूला एक एकर जमीन दिली होती, पण ती कसत होता भलताच, आणि वर म्हणत होता की जमीन माझीच. भागूकडे जमिनीच्या ताब्याचा चार पानी कागद होता. धुतलेल्या दुधाच्या पिशवीत घालून, सुतळीनं बांधून त्यानं तो आणला होता. कागदावर त्याचा अंगठा. भागूच्या अंगठ्याला कोयता लागलेला, त्यामुळे ठशाच्या मधोमध एक पांढरी आडवी रेघ उमटलेली.

"ह्येच आमचं खाचर हाय आता, सायेब," भागू म्हणाला होता.

"निर्धास्त राहा," साहेब म्हणाले आणि पिशवी टेबलावर ठेवली.

त्यानंतर आठच दिवसांनी पक्षाचे एक बडे नेते अचानक ऑफिसात आले. आत खुर्च्यांवर फायलींचे ढीग, म्हणून नेते माझ्यावरच टेकले. मी माझ्या स्वभावाप्रमाणे डुगडुगलो. नेत्यांनी कपाळाला आठी घातली. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, आतल्या टेबलावरची दुधाची पिशवी उचलली, कागदासकट दुमडली आणि सगळ्यांच्या देखत गुडघ्यावर बसून, पार जमिनीपर्यंत वाकून, स्वतःच्या हातानं माझ्या आखूड पायाखाली सारली. मी एकदम स्थिर झालो.

नेते खूश. "सावळाराम, माणसाला वाकता आलं पाहिजे बघा," ते म्हणाले.

वकीलसाहेबांनी हा गुरुमंत्र मानला. पुढच्याच महिन्यात ते पक्षाच्या कायदा विभागात गेले. मग कुठल्याशा महामंडळावर. दोनदा निवडणुकीला उभे राहिले आणि दोनदा पडले. त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं, मतदारांची समज कमी पडली. ज्याला लोक निवडून देत नाहीत, अशा माणसाची सोय कुठे करायची, हा प्रश्न आपल्या देशात फार पूर्वीच सुटलेला आहे. साहेब राज्यपाल झाले. आता म्हणे तिथंही ते फायली राखून ठेवतात. अनुभव कधी वाया जात नाही.

आणि लंकाबाई? ती येत राहिली. डिंभ्याहून घोडेगाव, घोडेगावहून जुन्नर, तेही एस.टी. आली तर. आधी भागूबरोबर यायची. भागू गेल्यावर एकटी. येऊन माझ्यावरच बसायची, नेमकी आखूड पायाच्या बाजूला. कारकून गेणभाऊ आतून सांगायचा, "सायेब कोर्टात हायेत." नंतर सांगायला लागला, "सायेब मुंबईला हायेत." शेवटी शेवटी, "सायेब राजभवनात हायेत."

"आन माजा कागूद?"

"सापडंल, मावशी. शोधतोय."

गेणभाऊ खरंच शोधायचा. कपाटं, पोतडी, माळा, सगळं पालथं घातलं त्यानं. आणि त्याच हातानं रोज सकाळी माझ्या पायाभोवती झाडू फिरवायचा. काळवंडलेली ती घडी त्याला रोज दिसायची. पण साहेबांनी स्वतः वाकून ठेवलेली वस्तू! ती काढून बघायची हिंमत कोण करणार?

आता माझंही सांगतो, खोटं कशाला बोलू. सुरुवातीला मला ते सुख आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा चार पायांवर उभा होतो. पण बावीस वर्षं ती बाई वरून "माजा कागूद" म्हणायची आणि मी तिचाच कागद तिच्याच वजनानं दाबून धरायचो. मला लाज वाटायची. एकदा तर तिनं माझ्यावर डोकं टेकून डोळे पुसले. त्या दिवशी मी कुरकुरलो, जमेल तेवढा कुरकुरलो. गेणभाऊनं खिळा ठोकून मला गप्प केलं.

यंदा मात्र गोष्ट हातघाईवर आली. लंकाबाईच्या दाव्यात कोर्टाचा हुकूम झाला, सोमवारी अस्सल कागद दाखवा, नाहीतर दावा निकाली. सरकारी कचेरीतली प्रत सापडत नव्हती. आणि सोमवारच्या आधीच्या शनिवारी राज्यपालांचा जुन्नरात भव्य नागरी सत्कार!

गाव फ्लेक्सनं झाकून गेलं. आमच्या तालुक्यात बिबट्या आणि फ्लेक्स, दोन्हींची वाढ जोरात आहे. सत्काराची सूत्रं होती साहेबांचा पुतण्या आदेश याच्या हातात. साहेब आता प्रत्येक भाषणात माझा उल्लेख करायचे, "गोरगरिबांच्या त्या बाकावर बसून मी न्याय शिकलो." ते माझ्यावर एकदाही बसले नव्हते. पण आदेशच्या डोक्यात आलं की तोच बाक स्टेजवर न्यायचा, काकांना त्यावर बसवायचं आणि फोटो काढायचा.

चार पोरं घेऊन तो पडवीत आला, तर लंकाबाई सकाळपासून माझ्यावर ठाण मांडून बसलेली. साहेब आधी ऑफिसात येतील, ही तिची आशा.

"आज्जे, ऊठ, बाक न्यायचाय."

ती उठली. पोरांनी मला उचललं. खाली फरशीला चिकटलेला एक काळा चौकोन राहिला. गेणभाऊ झाडू घेऊन पुढे आला, तोच लंकाबाई खाली बसली. तिनं नखानं तो चौकोन सोडवला. घडी उलगडली, पिशवी फाडली आणि कागद उजेडात धरला. तिला अक्षर वाचता येत नाही. पण ठशातली ती पांढरी आडवी रेघ तिनं बरोबर वाचली.

"गेणभाऊ," ती एवढंच म्हणाली, "ह्यो आमच्या मालकाचा अंगठा."

गेणभाऊच्या हातातून झाडू पडला. मला तेवढंच दिसलं, कारण पोरं मला घेऊन निघाली होती.

मांडवात हीऽ गर्दी. शाली, श्रीफळं, फेटे, सगळं यथासांग झालं. निवेदकानं मला "न्यायाचं सिंहासन" म्हटलं तेव्हा मला माझ्या ढेकणांची आठवण झाली. साहेब हसतमुखानं येऊन माझ्यावर बसले आणि मी डुगडुगलो. फेटा तिरका झाला, हातातला नारळ घरंगळत पहिल्या रांगेत गेला. शंभर मोबाईल वर झाले.

साहेब सावरले. समोरचा माईक चालूच आहे हे विसरून पुतण्याला म्हणाले, "अरे, याच्या आखूड पायाखाली एक कागद असायचा. मीच घातला होता. तो आणा की."

सगळ्या मांडवानं ऐकलं. बायकांच्या बाजूनं लंकाबाई उभी राहिली. तिच्यामागे मान खाली घालून गेणभाऊ.

"त्यो कागूद हितं हाय, सायेब."

"या मावशी, या," साहेबांनी हात जोडले. अजूनही त्यांच्या काही लक्षात आलं नव्हतं. "द्या तो आदेशकडे. पायाखाली घालू, मग निवांत बोलू."

लंकाबाई स्टेजच्या पायरीपाशी आली. कागद तिनं छातीशी धरला होता. "बावीस वर्सं म्या ह्या बाकड्यावर बसले. ह्यो माज्याच बुडाखाली व्हता. तुमी म्हनला, निर्धास्त ऱ्हा. आमचं मालक तसंच निर्धास्त ऱ्हाऊन मेलं. आता न्हाई द्यायचा. सोमवारी माजी तारीख हाय."

आणि साहेबांच्या तोंडून, पंचवीस वर्षांच्या सवयीनं, माईकवर स्पष्ट शब्दांत निघालं, "अहो, मग पुढची तारीख घेऊ की!"

आधी कुणीतरी मागच्या रांगेत फिसकन हसलं. मग सगळा मांडव हसायला लागला. लंकाबाई हसली नाही. ती वळली आणि एस.टी. स्टँडकडे चालू लागली.

त्या दिवसानंतर मी न्यायाचं सिंहासन राहिलो नाही. आदेशनं मला मागच्या अंगणात फेकलं. गेणभाऊनं नोकरी सोडली. जाताना मला सोबत नेलं आणि कोर्टाबाहेरच्या लिंबाखाली ठेवलं. आता तो तिथं लोकांचे अर्ज लिहून देतो. आलेल्याला पहिलं सांगतो, "अस्सल कागूद कुनाला द्यायचा न्हाई, फकस्त दाखवायचा. झेरॉक्स द्यायची." इतक्या वर्षांनी का होईना, न्यायाची एक तरी गोष्ट जुन्नरात कुणी खरी शिकवतंय.

मागच्या आठवड्यात लंकाबाई आली. त्या सोमवारी तिनं कोर्टात अस्सल कागद दाखवला होता, हातातून न सोडता. निकाल तिच्या बाजूनं लागला. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की तिचं जुनं खाचर उघडं पडतं. तिथल्या बांधावरची दगडाची एक चपटी चिप तिनं पदरात बांधून आणली होती. ती खाली बसली, माझा आखूड पाय उचलला आणि चिप खाली सारली.

"आता नीट हुबा ऱ्हा, बाबा," मला म्हणाली.

उभा आहे. पावणं, एकच मागणं. उद्या माझी ही चिप कधी निसटली, तर दगड घाला, वीट घाला, वाटलं तर राज्यपालांच्या भाषणाची छापील प्रत घाला, जाड असते. पण कुणाचं खाचर माझ्या पायाखाली घालू नका.