करीमच्या कमरेचा दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. खरं सांगायचं तर आता माझा वीतभर तुकडाच उरला आहे, पण एके काळी मी चांगला चाळीस हात लांब होतो. अंग एवढंसं उरलं तरी त्यातलं एक दुखणं काही गेलेलं नाही. त्या दुखण्याचं नाव हेवा. ते लपवून माझी गोष्ट सांगितली तर ती अर्धीच होईल, म्हणून आधीच कबूल करून टाकतो.

माझा जन्म नायलॉनच्या कारखान्यात झाला. यंत्राने तीन पेड एकमेकांत पिळले, टोकं तापवून बंद केली आणि भेंडोळं करून मला पुण्याला पाठवलं. रविवार पेठेतल्या एका दुकानात मी टांगलेला असताना करीम मिस्त्री आला. साल होतं २००६. करीम स्वारगेटजवळ घोरपडे पेठेत राहायचा आणि लोकांच्या गच्च्यांवर पाणी तापवायचे सौर बंब बसवायचा. दुकानदाराने त्याच्यापुढे तीन दोर टाकले. करीमने भाव विचारला नाही. त्याने डोळे मिटले आणि एकेक दोर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांमधून सरकवला. मला त्याने दोनदा सरकवून पाहिलं आणि मग खांद्यावर टाकलं.

त्याचं म्हणणं असं होतं, की दोर डोळ्यांनी बघायचा नसतो, बोटांनी वाचायचा असतो. रोज सकाळी कामावर चढण्याआधी तो मला असाच वाचायचा. मग माझं एक टोक गच्चीवरच्या टाकीच्या खांबाला आणि दुसरं त्याच्या कमरेला. सदाशिव पेठेत अशी किती छपरं आम्ही केली! खाली रस्त्यावर स्कूटरी, क्लासला जाणारी मुलं, आणि वर कठड्याबाहेर वाकलेला करीम. त्याच्या आणि रस्त्याच्या मध्ये मी एकटा. याहून मोठा मान दोराला कोणता मिळणार?

एका पावसाळ्यात शेवाळावरून त्याचा पाय सटकला. तो कठड्यापलीकडे गेला, मी ताणला गेलो, आणि दोन मजल्यांवर करीम अधांतरी राहिला. त्याला वर ओढून घेतलं तेव्हा त्याने आधी मला डोक्याला लावलं. पुढे वर्षभर भेटेल त्याला तो ही हकिगत सांगत होता. पण त्या दिवसापासून एक गोष्ट बदलली. त्याने मला वाचणं सोडलं. कोणी विचारलं तर म्हणायचा, सख्ख्या भावाचे खिसे कोणी तपासतं का? मित्रांनो, मलाही तो माझा सन्मानच वाटला.

करीमला एकच मुलगी, रझिया. ती लहान असताना घरातल्या तुळईला मला बांधून तिला झोका दिला जायचा. ती मोठी झाली, आयटीआयमध्ये वायरमनचं काम शिकली. तोवर लोकांना बंबांपेक्षा वीज करणारी पॅनेलं हवी झाली होती. बापाचं आणि मुलीचं काम एक झालं आणि टेम्पोवर अक्षरं आली, ‘करीम आणि कन्या’.

कन्येने आल्या आल्या टेम्पो रिकामा केला. वायरींचे तुकडे, गंजके स्क्रू, फुटके चहाचे कप, सगळं बाहेर. प्रत्येक हत्याराला जागा ठरली. डोक्याला कडक टोप्या आल्या, औषधांची पेटी आली. छपरावर पसारा दिसला की काम थांबवायचं, असा नियम झाला. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. पण मग एक दिवस तिने पिशवीतून तो सुरक्षेचा पट्टा काढला.

नारिंगी, रुंद, खांद्यांवरून येऊन मांड्यांभोवती बसणारा. त्याला स्वतःचा आखूड दोर होता आणि दोन चकचकीत आकडे. म्हणजे माझी गरजच नाही! जिला मी झोके दिले तिनेच माझ्या उरावर सवत आणून बसवली. नव्याचे नऊ दिवस, असं मी स्वतःला समजावलं. नऊ दिवस झाले, नव्वद झाले, पट्टा होताच.

आणि मला सगळ्यात जास्त कशाने जाळलं, सांगू? रझिया त्याला रोज सकाळी मांडीवर घ्यायची. एकेक शिवण बोटाने चाचपायची, बक्कल लावून सोडून बघायची, आकड्याची खिटी दहादा उघडायची आणि मिटायची. ती बोटं त्याच्या अंगावरून फिरताना माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नाडी आजाऱ्याची बघतात, धडधाकटाची नाही, असं मी मनाशी घोकायचो. पण खरं सांगतो, त्या बोटांसाठी मी आजारी व्हायलाही तयार होतो.

करीम मात्र माझ्या बाजूचा होता. पट्टा घातला की बैलाला जुंपल्यासारखं वाटतं, असं म्हणून तो बाजूला सारायचा. मग तो पट्टा रझियाच वापरू लागली. सदाशिव पेठेतल्या एका काकूंनी करीमला माझ्यावर लटकताना पाहिलं आणि खिडकीतूनच सांगितलं, “लटकायचं तर लटका, पण पडायचं झालं तर मागच्या बाजूला पडा. पुढे आमच्या कुंड्या आहेत.” रझिया त्या दिवशी बापाशी बोलली नाही. मी मात्र मनातल्या मनात हसलो.

टेम्पोत रझियाने माझ्यासाठी पट्ट्याशेजारी खुंटी ठोकली होती. करीम मुद्दाम मला तिथे लावायचा नाही, मागच्या कोपऱ्यात टाकायचा. मलाही त्या नारिंगी चेहऱ्याशेजारी टांगून घ्यायचं नव्हतंच. एका दिवाळीत एका गिऱ्हाईकाची इन्व्हर्टरची जुनी बॅटरी त्याच कोपऱ्यात ठेवलेली होती. खड्ड्यात टेम्पो आपटला, बॅटरी कलंडली आणि तिच्यातलं तेजाब माझ्या अंगावर पाझरलं. भाजल्यासारखं झालं. मग तिथलं अंग कडक आणि फिकट झालं. सत्ताविसावा हात असेल तो.

मित्रांनो, दोराला तोंड नसतं. पण असतं तरी मी ही गोष्ट सांगितली नसती. कारण मी सांगितलं असतं, तर जिंकला असता पट्टा. पुढचे चार महिने करीम माझ्या त्याच अंगावर लटकत होता, आणि मी गप्प होतो.

फाल्गुनात लोणी काळभोरला गेनबा नावाच्या शेतकऱ्याचं काम निघालं. त्याच्या ट्रॅक्टरच्या शेडवर पॅनेलं बसवायची होती. शेड उंच, वरचे सिमेंटचे पत्रे जुने. “पत्रा लई जुना हाय, जपून चढा,” असं गेनबाने आधीच बजावलं होतं. पॅनेलं आदल्या दिवशी करीमने बसवली. आता वायरी जोडायच्या होत्या, आणि ते काम रझियाचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मीटर बसवायला माणसं येणार होती.

रझियाने नेहमीप्रमाणे पट्टा मांडीवर घेतला. आकड्याची खिटी नीट मिटेना. तिने पुन्हा पुन्हा पाहिलं, मग पट्टा घडी करून बाजूला ठेवला आणि आज वर कोणी चढणार नाही, असं सांगून टाकलं.

करीमला हसू आलं. आठ महिन्यांत तुझा पट्टा आजारी पडला, म्हणाला. माझा तर आनंद गगनात मावेना. त्याने मला कोपऱ्यातून उचललं आणि तिच्यापुढे धरलं. ती नको म्हणाली. तो दोनदा बोलला, ती दोनदा नको म्हणाली. मग करीमचा आवाज बदलला.

“अठरा वर्षं ह्याने मला सांभाळलं. माझ्यावरही भरवसा नाही का तुझा?”

नियम सांगायला रझियाला कधी शब्द कमी पडले नव्हते. या एका वाक्यापुढे मात्र तिने दोर बांधून घ्यायला हात वर केले.

करीमने माझा वेढा तिच्या कमरेभोवती घातला. गाठ मारायला त्याची बोटं वळली आणि तिथेच थांबली. तो लेकीकडे बघत राहिला. मग त्याने वेढा सोडला, मला जमिनीवर ओतलं आणि डोळे मिटले.

इतक्या वर्षांनी ती बोटं पुन्हा माझ्या अंगावर आली. पहिला हात, दुसरा, दहावा. मला रडू येईल असं वाटलं. याचसाठी तर मी जळत होतो! पण विसाव्या हातापाशी मला भीती वाटली. पुढे येऊ नकोस, असं मला ओरडावंसं वाटलं. आणि त्याच वेळी मला माझ्या झोक्यावर बसलेली एवढीशी रझिया आठवली. ये, पुढे ये, असंही वाटलं.

सत्ताविसाव्या हाताला बोटं थांबली. करीमने डोळे उघडले, मला तिथे वाकवलं. पेडांतून पांढरा भुगा गळला. त्याने माझ्यावर पाय दिला आणि हिसका मारला. मी तुटलो.

करीम ती दोन टोकं हातात घेऊन खाली बसला. त्याला आठवलं ते स्वतःचं माझ्यावर लटकणं नव्हतं, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. त्याला डोळ्यांसमोर दिसत होती ती आत्ता मारायची राहिलेली गाठ. “मी बांधतच होतो,” एवढंच तो म्हणाला. ‘मी सांगितलं होतं,’ असं रझिया म्हणाली नाही. तिने पाणी आणून दिलं. मीटरवाल्यांना परवा बोलवू, पोरीला घेऊन घरी जा, असं गेनबानेच सांगितलं.

उरलेला दोर गुरांना होईल म्हणून गेनबाने मागितला. करीमने नकाराची मान हलवली. उद्या कोणी तरी तोच धरून विहिरीत उतरेल, म्हणाला. बाद झालेली वस्तू दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून तिचे तुकडे करायचे, हा रझियाचा नियम होता. त्या दिवशी तो करीमने पाळला. स्वतःच्या हाताने त्याने मला कापलं. त्याचे डोळे भरले होते. ते माझ्यासाठी नव्हते, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

जळका भाग रझियाने ठेवून घेतला. कामावर येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ती मला देते आणि वाकवून बघायला सांगते. मित्रांनो, माझं मागणं आता एवढंच आहे. ज्याच्यावर तुमचा सगळ्यात जास्त भरवसा, त्याला रोज एकदा हात लावून बघा. त्याला जिथे ठेवायचं तिथेच ठेवा. आणि त्याचे दिवस भरले, की मायेपोटी त्याला कमरेला बांधू नका.

करीम आता पट्टा घालतो. त्याच्यासाठी दुसरा आणला आहे. सकाळी तो हात पसरून उभा राहतो आणि रझिया त्याच्या खांद्यावरची एकेक शिवण चाचपते. मी बघतो आणि मला हेवा वाटतो. वाटू दे. संध्याकाळी करीम खाली उतरतो, बक्कल सोडतो आणि लेकीकडे चहा मागतो.