नवी गोळी

थोरल्यानं धाकट्याची कॉलर धरून त्याला गॅरेजच्या शटरवर आपटलं आणि दुसऱ्या हातानं त्याच्या खिशातली गोळ्यांची बाटली ओढून काढली. पत्रा दणाणला. धाकट्याचा ओठ फुटला. त्या रक्ताला थोरल्यानं भ्यायचं कारण नव्हतं. यकृत पोखरणारा तो चिवट विषाणू दोघांनाही आईकडूनच आला होता.

मग नशीबही सारखंच यावं की नाही? पण छे! इस्पितळात दोघांनी नाव दिलेल्या प्रयोगात दोन औषधांची तुलना चालली होती, एक जुनं, एक नवं. गोळ्या दिसायला अगदी सारख्या. कोणाला कोणती मिळते हे डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नव्हतं. पहिल्या तपासणीत धाकट्याचा विषाणू धडाधड उतरला, थोरल्याचा जागचा हलला नाही. आज दुसऱ्या तपासणीतही तेच. वर बाई म्हणाल्या, तुमचं यकृत कडक होत चाललंय. थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवं औषध या कालच्या पोराला, आणि आपण काय, मरायचं?

"आजपासून ही माझी," तो म्हणाला.

धाकट्यानं हात उचलला नाही, नुसता ओठ पुसला.

"ती तुझीच आहे, दादा."

"म्हणजे?"

"पहिल्या तपासणीनंतर मी आपल्या दोघांच्या गोळ्यांची अदलाबदल केली. तू आंघोळीला गेला होतास तेव्हा. तेव्हापासून माझं औषध तू घेतोयस, तुझं मी."

थोरल्यानं हातातल्या बाटलीकडे पाहिलं. म्हणजे धाकट्याला लागू पडलेलं औषध पोटात जाऊनही आपल्याला गुण नाही. मग त्याला बाईंची ताकीद आठवली: मनानं औषध बदललंत तर दबलेला विषाणू उसळेल, जिवावर बेतेल. त्यानं धाकट्याच्या कानाखाली अशी काही वाजवली की तो मटकन खाली बसला. हा तडाखा मघापेक्षा कितीतरी जोराचा होता.

"मेला असतास म्हणजे, गाढवा? ऊठ. बाईंना सांगायचंय. आत्ताच्या आत्ता."

"दोघांनाही प्रयोगातून काढून टाकतील, दादा. तुझं औषध बंद होईल."

"होऊ दे."

धाकटा उठेना, तेव्हा थोरल्यानं त्याला दंडाला धरून फरफटत रस्त्यावर आणलं आणि समोरून येणाऱ्या रिक्षाला आडवा झाला.