नडगीतली माणसं

वैजूच्या उजव्या नडगीत गावातली माणसं राहायला आली होती. सगळ्यांत आधी आला तो शंकर गवंडी, आणि आधी आलेल्याच्या तोऱ्यात त्याने गुडघ्याखालची मोक्याची जागा धरली होती. त्याच्या खाली शेवंताकाकू, तिच्या खाली पवनचक्कीवरचा राखणदार बाळकू, मग कोण कोण दाटीवाटीने, आणि अगदी तळाला, टाचेत, गेल्या उन्हाळ्यात वारलेले देशमाने मास्तर. मास्तर गेले, पण त्यांची कंबर वैजूच्या टाचेत अजून दुखत होती. चहाच्या वेळेला जरा जास्त.

यात गावाला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. वैजू पायाळू. जन्मताना तिचं डोकं आधी आलं नाही, पाय आले. अशा माणसाचा पाय उसण भरलेल्या कमरेला लागला की उसण उतरते. त्यामुळे पोरगी उभी राहायला लागली तशी रोज सकाळी दाराशी कोणी ना कोणी पालथं पडलेलं असायचं. ती उंबऱ्यावरून पाय खाली सोडायची, कमरेला टेकवायची, आणि माणूस अंगावरची माती झटकून चालू लागायचं. उतरलेली उसण जाते कुठे, हे कुणी विचारलं नाही. ती वैजूच्या पायात चढत होती. दुसरीकडे जाणार तरी कुठे.

चालताना ही माणसं गप्प असत. पळताना जागी होत. पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे, त्यांच्या पायथ्याशी तांबडी वाट; उजाडता उजाडता वैजू त्या वाटेला लागली की वर पाती फिरत आणि खाली तिचे पाय, आणि घटकाभर असं वाटे की एकाच वाऱ्याने दोन्ही चाललंय. मग नडगीत शंकर गवंडी कूस बदलायचा. त्याचा धक्का शेवंताकाकूला, तिचा बाळकूला, असं होत होत शेवटी टाचेत मास्तर कण्हायचे, आणि वैजू लंगडायला लागायची.

निकम सर स्कूटर घेऊन वाटेच्या कडेला उभे असत. फौजेतून आल्यापासून ते पोरांना पळायला शिकवत.

"दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"दुखतंय."

"कुणाचं?"

वैजूने नडगीवर अंगठा दाबून पाहिला. "शंकरतात्यांचं. आणि खाली मास्तर."

"मास्तरांचं कळतं. वारा सुटलाय." सर पायाकडे बघत राहिले. "आजपासून कुणाच्या कमरेला पाय लावायचा नाही. कुणाच्याही. आणि तालुक्याला जाऊन नडगीचा फोटो काढून ये."

रविवारी तालुक्याला दहा किलोमीटरची शर्यत होती. पहिल्या तिघींना शहरातल्या केंद्रात नेणार होते. तिथे स्वतःची खाट होती, सकाळी दूध होतं, पळायला सपाट गोल मैदान होतं, आणि तिथल्या उंबऱ्यावर कुणी पालथं पडत नव्हतं. वैजूचं वयाच्या गटातलं हे शेवटचं वर्ष. रविवारी जमलं नाही, तर घरचा उंबरा होताच.

डॉक्टरांनी फोटो काढला आणि खिडकीच्या उजेडाला धरला. नडगीचं हाड पांढरं दिसत होतं, आणि हाडात, सीताफळात बिया असाव्यात तशी माणसं. सगळी पालथी.

"विश्रांती लागेल," डॉक्टर म्हणाले.

"रविवारी शर्यत आहे माझी."

"तुम्हाला नाही. त्यांना." त्यांनी पेनाचं टोक एकेकावरून फिरवलं. "कष्टाची माणसं दिसतात सगळी. महिना-दीड महिना हलवू नका. आणि आता नवीन कुणाला घेऊ नका. जागा नाही."

"घेतलं तर?"

"तर हाड पुरायचं नाही," असं म्हणून त्यांनी फिल्म पाकिटात घातली, हळूच, कुणाला धक्का लागू नये अशी.

निकम सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग ज्याचं त्याला देऊन ये. टाच आधी टेकव, उलटी उतरेल."

शंकर गवंडी शाळेच्या भिंतीला गिलावा करत होता. "तात्या, खाली या आणि पालथे पडा जरा."

"का गं? बरी हाय की कंबर."

"तुमची उसण परत द्यायचीय. रविवारपुरती ठेवा."

शंकर परांचीवरून उतरला, पाठमोरा झाला आणि त्याने सदरा वर केला. जिथे उसण भरायची तिथे आता कोनाडा होता. कडा ओळंब्यात साधलेल्या, आतून चुना दिलेला, आणि मधोमध पणती. "तुझ्या काकीनं हट्ट केला," तो जरा लाजून म्हणाला. "मोकळी जागा बरी दिसंना. आता रोज सांजच्याला दिवा लावतो. देवाच्या जाग्यावर उसण कशी ठिवू? तूच सांग."

वैजूने वाकून आत पाहिलं. चुन्याचं काम फार सुबक झालं होतं.

शेवंताकाकूने तर पाठ फिरवायलाच नकार दिला. तिच्या कमरेशी, पदराखालून कोंबडीची मान बाहेर डोकावत होती. "खुडूक बसलीय बया. हलले तर अंडी गार पडतील. पिल्लं फुटू देत, मग बघू."

"कधी फुटतील?"

"कोंबडीला इचार," काकू म्हणाली, आणि वैजूने विचारलंही. कोंबडीने डोळे मिटून घेतले.

बाळकूने आणि बाकीच्यांनीही अशाच सबबी सांगितल्या. राहिले मास्तर. ते नव्हते, म्हणून वैजू मास्तरीणबाईंकडे निघाली. पण चहाची वेळ झाली होती, आणि त्या वेळेला बाई रोज वैजूच्याच घरी येत. बशीत चहा ओतून वैजूच्या टाचेपाशी बसत, अर्धा स्वतः पीत, अर्धा गार होऊ देत, आणि टाचेला गावातल्या खबरा सांगत.

"काकू, मास्तरांना थोडे दिवस तुमच्याकडं ठेवता?" वैजूने विचारलं.

"माझ्या कमरेत कसे मावतील ते. एवढा उंच माणूस." बाईंनी टाच मांडीवर घेतली. "तुझ्याकडं वारा तरी लागतो त्यांना. जन्म सगळा खुर्चीत गेला. असू देत गं. माझ्याकडं त्यांचा सदरा हाय, चष्मा हाय. पण दुखणारं असं एवढंच उरलंय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पळताना टाच तेवढी हळू टेकव. शाळेत कुणी धावलं की त्यांना खपायचं न्हाई."

संध्याकाळी आईने तेल कोमट केलं. वैजूची आई कमरेत विळ्यासारखी वाकलेली बाई. तिला भुईवरची मुंगी दिसायची, पण चांदणं बघायचं तर आडवं व्हावं लागे. तिने वैजूची नडगी गुडघ्यावर घेतली आणि चोळता चोळता आतल्यांना म्हणाली, "सरा की जरा, शंकर भावजी. शेवंताबाई, तुमी बी. पोरीला जरा निजू द्या." तसे ते बोटभर सरकत, आणि बोटभर जागेत वैजूच्या जिवाला आराम पडे. आईच्या तोंडात तिची ठरलेली ओवी असायची:

*पायाळू माझी लेक, आधी वाटेला भेटली*
*मग माझ्या कुशीमंदी, दमूनशानी झोपली*

"आई, तुझी कंबर कधीपासून अशी?"

"तुझ्यापासनं. चालतच आलीस की. पाऊल टाकलंस ते हितंच टाकलंस."

"मग लावू का पाय? तुझी तरी उतरेल."

आईचा हात थांबला. "लेकीचा पाय आईला लागू ने," ती म्हणाली. "एकदा लागला तेवढा पुरे. तू रविवारी जा म्हंजे झालं."

वैजू रविवारी जाणार ही खबर मात्र पठारभर फिरली, आणि माणसं घाईला आली. ती गेल्यावर मग कोण, असं जो तो म्हणू लागला. दाराशी रांग लागली. वैजूने मोजे घातले, बूट घातले, बूट घालूनच निजली. "बुटासकट बी उतरती म्हणं," माणसं समजुतीने म्हणाली. मग ती उंबरा सोडून मागच्या भिंतीवरून पळायला जाऊ लागली. पहिल्या सकाळी भिंतीवरून उडी मारली तर पायाखाली काहीतरी उबदार लागलं. चुलता होता. "म्हटलं जाता येता लागंल पाय," तो पालथ्या तोंडाने म्हणाला आणि उठून गायीची धार काढायला गेला. वैजूच्या नडगीत शेवंताकाकूला अंग चोरावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तांबड्या वाटेवर दोघं होते, वळणावर. पहिल्याला ओलांडून तिने पाय टाकला तो दुसऱ्यावर पडला. नंतर पलीकडच्या गावांतून टेंपो यायला लागले. माणसं टेंपोतून उतरत, वाट विचारत, आणि त्या वाटेवर एकेका ढांगेचं अंतर सोडून ओळीने पडत. पोरांचे डबे सोबत आणलेले असत. कुणी दांडगाई करत नव्हतं. वैजू थांबली की तीही थांबत. ती जिथे पाय टाकील तिथे पाठ असे, एवढंच.

शनिवारी ती निकम सरांकडे गेली. शाळेच्या मैदानात दुसरं कुणी नव्हतं. सरांनी तिला चार पावलं चालून दाखवायला सांगितलं, नडगी दाबून पाहिली, आत किती झालेत ते ऐकून घेतलं. मग त्यांनी गळ्यातलं घड्याळ काढून तिच्या हातात दिलं आणि मैदानात पालथे पडले.

"सर," वैजू म्हणाली, "कुणाच्याही नाही, असं तुम्हीच म्हणाला होता."

"म्हणालो होतो." सरांचा गाल मातीला टेकलेला होता. "बर्फातली आहे गं. वीस वर्षं झाली. उद्या तू चांगली पळशील, मला ठाऊक आहे. म्हणूनच."

वैजूने घड्याळ गळ्यात घातलं. त्यांनी तिला पळायला शिकवलं होतं, श्वास कुठे घ्यावा, खांदे कुठे सोडावेत. सूर्य मावळायच्या आत तिने पाय टेकवला. बर्फातली उसण गार होती. ती चढली तशी नडगीतली सगळी माणसं कुडकुडली.

रविवारी शिटी वाजली. बाकीच्या मुलींना डांबर होतं. वैजूच्या रस्त्यावर, पहिल्या दगडापासून नजर पोचेल तिथवर, पाठी होत्या. झेंडा धरलेल्या पंचाने पाहिलं आणि म्हणाला, "ज्यानं त्यानं आपापल्या रस्त्यानं पळायचं."

म्हणून ती पळाली. बुटाच्या तळव्यातून तिला पाठी वाचता येत होत्या. ही ऊस तोडणाऱ्याची, ही शिलाईच्या मशीनवर वाकलेल्या बाईची, ही एका खांद्याने दुधाच्या किटल्या वाहणाऱ्याची. पाऊल पडे, उसण चढे, मागे माणूस उठून धूळ झटके आणि दुसऱ्याला म्हणे, बरं वाटलं बघ. तिच्या पाठीमागे सगळा रस्ता ताठ उभा राहात चालला होता, हसत, बोलत, परतीच्या गाडीची चौकशी करत. आत नडगीत कुणाचा गुडघा कुणाच्या बरगडीत रुतला होता. हाड भरलेल्या घरासारखं कुरकुरत होतं. तरी ती पळत होती. टाच तेवढी हळू टेकवत होती.

दोघी तिच्या पुढे गेल्या. आणखी एक मागे होती. तिच्या बुटांची चटचट ऐकू येत होती, आणि ती जवळ येत होती. मग शेवटचं वळण संपलं आणि रस्त्यावर आडवी धरलेली सुतळी दिसली. सुतळीपाशी निकम सर ताठ उभे होते, देवळाच्या खांबासारखे सरळ.

"ये वैजू," ते ओरडले. "तिसरी आहेस. एकच राहिलीय."

सुतळीच्या अलीकडे शेवटची पाठ होती. बाकीच्यांसारखी ती सपाट पडलेली नव्हती. पालथी पडूनही विळ्यासारखी वर आलेली होती. वैजूने ती लांबूनच ओळखली. आईने गाल डांबरावर टेकवला होता, तोंड रस्त्याकडे केलं होतं, लेक येताना दिसावी म्हणून. ओठ हलत होते. वैजूला पहिली ओळ ऐकू आली, दुसरी आली नाही.

"आई, ऊठ," ती धापा टाकत म्हणाली.

आईने हात मागे नेऊन कमरेवरचा पदर बाजूला सारला.

"ये," आई म्हणाली. "मागनं ती पोरगी आली बघ."

चटचट अगदी खांद्याशी आली. वैजूचा उजवा पाय उचललेला होता, आईवर, वरच्या वर. आणि आत नडगीत, कुणी सरा म्हणालं नसताना, शंकर गवंडी सरकला, शेवंताकाकू सरकली, बाळकू सरकला, खाली मास्तरांनी अंग आखडून घेतलं, आणि एका माणसाची जागा झाली.