रंभाबाईचं दुसरं झाड

भिलाईत आमच्या सेक्टरमध्ये १९६२ साली झाडांना अळी लागली. ही अळी खोडाला भोक पाडून आत राहते आणि बाहेर येऊन साल खाते. भोकाभोवती भुशाची जाळी दिसते. कारखान्याच्या बगीच्यावाल्यांकडे माणसं कमी, म्हणून त्यांनी कामगारांतून स्वयंसेवक मागितले. मी रेल मिलमध्ये होतो. नाव दिलं. माझ्या जोडीला आमच्याच क्वार्टरांच्या ओळीतला नरहरी क्लर्क; नोंदीची वही त्याच्याकडे. रविवारी सकाळी फिरायचं, तीन भोकं दिसली की खोडाला गेरूचा पट्टा मारायचा. सोमवारी माणसं येऊन ते झाड कापायची आणि जाळायची.

शेजारच्या रंभाबाईच्या जांबाला, म्हणजे पेरूला, मीच पट्टा मारला. ते झाड तिच्या नवऱ्यानं लावलं होतं. तो काविळीनं गेला होता आणि त्याच्या जागी ती कॅन्टीनमध्ये लागली होती.

पट्टा मारायच्या आधी माझी बायको कौशल्या म्हणाली, "दोनच भोकं धरा ना. तिसरं मी मातीनं बुजवते."

"नियम आहे," मी म्हणालो.

रंभाबाईनं त्याच जागी दुसरं रोप लावलं. आमच्या घरी येणं मात्र बंद केलं. चौसष्ट साली कौशल्या टायफॉइडनं पडली तेव्हाही ती आली नाही. कौशल्या अकरा दिवसांत गेली.

दारातला जांब कौशल्याचा. साकोलीजवळच्या तिच्या माहेरून तिनं रोप आणलं होतं, पॅसेंजर गाडीत मांडीवर धरून. ती गेल्यावर दीड वर्षानं त्याच्यावर जाळी दिसली. भोकं मोजली. पाच होती.

मी सायकलची तार घालून अळ्या टोचल्या, रॉकेलचा बोळा कोंबला, वरून माती लावली. अळ्या पुन्हा आल्या. मग रोज पहिल्या पाळीला जायच्या आधी खोडावरची जाळी झाडून टाकू लागलो.

"शालिकभाऊ, तुमचं आंगण लय साफ दिसते," नरहरी म्हणाला. "वहिनी होत्या तवा तुम्ही कधी झाडूले हात लावला नाही."

मी हसलो.

पुढच्या महिन्यात रंभाबाईच्या दुसऱ्या झाडाला तीन भोकं निघाली. नरहरी म्हणाला, "ओळीत दुसरं एकही झाड बिमार नाही. मग हे आलं कुठून? तुमचं एकदा नीट पाहू काय?"

"माझं मी पाहतो. तू वहीत हे लिही."

मी गेरूचा डबा उघडला आणि तिच्या झाडाला पट्टा मारला. ती दारातच उभी होती.

सोमवारी झाड कापून नेल्यावर ती आमच्या दाराशी आली. चार वर्षांत पहिल्यांदा.

"भाऊ, तुम्ही सकाळी खोड झाडता. मी रोज पाहून राहिली."

मी म्हणालो, "जा, सांगून द्या त्यायले."

"कावून सांगू? कापलं त तुम्ही एक दिवस रडाल अन् मोकळे व्हाल." तिनं खोडाला हात लावून पाहिला. "राहू द्या उभं. कौशल्याचं हाय. तुम्ही झाडत जा."

ती गेली. तिनं कोणालाच सांगितलं नाही.

आता त्याला चौदा भोकं आहेत. फळ धरत नाही. मी रोज झाडतो. रविवारी नरहरीसोबत फिरतो. गेल्या महिन्यात आणखी दोन झाडांना पट्टा मारला. दोन्ही आमच्याच ओळीतली होती.