पुढच्या खोलीतला पलंग

भिंत.

ग्लेनिसने वॉलपेपरच्या सुटलेल्या कडेखाली खरवडायचा पत्रा सारला आणि ओढलं. फुलांचा कागद, त्याखालचा पट्ट्यांचा, त्याखालचा तपकिरी, तिन्ही एकदम सोलून हातात आले. मागे चुन्याचा गिलावा. ओलीने इतका मऊ, की त्यात बोट रुतलं.

तिने शिवी हासडली. तिच्या बापाला, एम्रिसला, घरात शिवी खपत नसे, पुढच्या खोलीत तर नाहीच. ही खोली चॅपलच्या पाद्रीबुवांसाठी आणि मयतासाठी. आई इथे शवपेटीत तीन दिवस होती, तिच्याआधी आजोबा. जिवंत माणसाने इथे पाठ टेकली नव्हती.

आणि एम्रिसला आता जिना चढवत नव्हता. छातीत पस्तीस वर्षांची खाणीतली धूळ. पाचव्या पायरीवर बसायचा, ओठ निळे. महिनाभर तो स्वयंपाकघरात खुर्चीतच झोपत होता. थंडी पडायच्या आत त्याचा पलंग या खोलीत आणायचा, एवढंच तिला हवं होतं. गवंडी म्हणाला, नाताळनंतर बघू. मग तिनेच पत्रा हातात घेतला.

फोन.

भाऊ, इस्लविन, कार्डिफहून. कागद असा नाही काढत, ओल अशी नाही जात, शनिवारी मी येतो, तोवर हात लावू नकोस. ग्लेनिसने रिसीव्हर खिडकीत ठेवला आणि खरवडत राहिली. तो बोलत होता.

भिंत, राखाडी.

शनिवारी ती बेकरीतून परतली तेव्हा अर्धी भिंत सिमेंटने लिंपून झाली होती. इस्लविन हात धूत होता. आता थेंब येणार नाही म्हणाला, चहा प्यायला, गेला. दरीतल्या या दगडी भिंती ओल पितात आणि चुन्यातून बाहेर सोडतात, सिमेंट ती आत कोंडतं, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. इस्लविनने वीस वर्षं शहरात टाय बांधला होता.

दहा दिवसांत सिमेंटच्या वर तपकिरी पट्टा चढला. दुसऱ्या बाजूने ओल स्वयंपाकघरात उतरली, बरोबर एम्रिसच्या खुर्चीमागे. त्याचा खोकला बदलला.

हातोडा. छिन्नी.

पहिले घाव भावावर पडले. पुढचे कुणावर, ते तिला हळूहळू कळलं. मागच्या अंगणात खाणीकडून आलेल्या फुकटच्या कोळशाचा डोंगर, आणि या खोलीतल्या फायरप्लेसमध्ये चाळीस वर्षं कुणी काडी ओढली नव्हती. खोली चांगली राहावी म्हणून. आई दर शुक्रवारी अंगात कोट घालून इथली धूळ पुसायची.

"भावाने केलेलं फोडतेस?" एम्रिस दाराची चौकट धरून उभा होता.

"भिंत गुदमरतेय, बाबा. तुम्हाला तरी कळायला हवं."

"मी इथे झोपणार नाही. इथे आडवा झालेला उठत नाही."

"आई शेवटचा हिवाळा वरच्या खोलीत कुडकुडत होती." तिने छिन्नी खाली ठेवली नाही. "ही खोली तिला मेल्यावर मिळाली. तीन दिवस. तुम्हालाही तसंच हवं असेल तर सांगा, मी आत्ता दार लावते."

तो चौकटीला टेकला. श्वास घेत होता, तेच मोठं काम होतं.

ती अंगणातून बादलीभर कोळसा घेऊन आली, फायरप्लेसवर ठोकलेली फळी उचकटली, काडी ओढली. धूर सरळ खोलीत आला.

"आधी कागद जाळ," तो खोकत म्हणाला. "चिमणी गार आहे. गरम झाल्याशिवाय धूर ओढायची नाही."

"माहितीये मला."

"माहितीये तर केलं का नाहीस?"

तिने सोललेला कागद मुठीमुठीने आत कोंबला. फुलं, पट्टे, सगळं. ज्वाळा वर खेचली गेली. एम्रिस चौकट सोडून आत आला, पाद्रीबुवांसाठी राखलेल्या खुर्चीत बसला आणि जराशाने, अजून रागातच, बोलला.

"खिडकीखाली नको. तिथे पेटी ठेवतात. पलंग या भिंतीला लाव."

"ही ओली आहे."

"मग फोड ना उरलेलं. थांबलीस कशाला?"